एचटीट्रॅक

एचटीट्रॅक हे एखाद्या संकेतस्थळाची किंवा त्याच्या निवडक भागाची प्रत वापरकर्त्याच्या संगणकावर उतरवून घेणारे आणि ती आंतरजालाच्या जोडणीविना वाचता येईल अशी रचून देणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. फ्रेंच आज्ञावलीकार झाव्हिये रोश यांनी ते विकसित केले. ते प्रामुख्याने सी या भाषेत लिहिलेले असून त्याची पहिली आवृत्ती १९९८ साली प्रसिद्ध झाली. ग्नू सार्वजनिक परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली ते विनामूल्य मिळते. त्याचा स्रोत वाचण्याची, बदलण्याची व पुन्हा वितरित करण्याची मुभा या परवान्याने दिली आहे. विंडोजवर ते विनएचटीट्रॅक या नावाने, तर लिनक्स व अन्य युनिक्ससदृश प्रणालींवर वेबएचटीट्रॅक या नावाने वापरले जाते. आज्ञा टंकून चालवण्याचे रूप दोन्हीकडे आहे, आणि अँड्रॉइडसाठीही एक आवृत्ती उपलब्ध आहे.

हे सॉफ्टवेअर वापरायला सोपे असले, तरी त्याने घेतलेली प्रत टिकेल व वाचता येईल याची खात्री वापरकर्त्यालाच करून घ्यावी लागते. एचटीट्रॅक मूळ स्थळाचे प्रतिबिंब तयार करते. मूळ स्थळावरून पान नाहीसे झाले तर पुढच्या अद्ययावतीकरणात ते प्रतिबिंबातूनही नाहीसे होऊ शकते. जुनी मराठी पाने जपू पाहणाऱ्यांच्या बाबतीत टंकांची वेगळीच अडचण उभी राहते. या दोन्ही बाबींची माहिती पुढे स्वतंत्रपणे दिली आहे.

पार्श्वभूमी

एचटीट्रॅकचा जन्म झाला त्या काळात बहुतेक घरांतील आंतरजाल दूरध्वनीच्या तारेवरून येत असे. भारतात सर्वसामान्यांसाठी ही सेवा विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. जोडणीचे शुल्क तासांवर मोजले जाई, दूरध्वनीचे देयक वेगळे येई, आणि जोडणी चालू असेपर्यंत घरचा दूरध्वनी अडकून राही. अशा वेळी पाने एकदा उतरवून घ्यावीत, जोडणी तोडावी आणि मग निवांत वाचावे, हा सरळ काटकसरीचा मार्ग होता. संपूर्ण संकेतस्थळे उतरवून घेणारी अनेक सॉफ्टवेअरे त्या दशकात निघाली. त्यांतील काही विकत घ्यावी लागत. एचटीट्रॅक विनामूल्य होते आणि नंतरही टिकून राहिले.

पुढे जोडणी स्वस्त झाली, तसे या सॉफ्टवेअरचे प्रयोजन बदलले. खर्च वाचवण्यापेक्षा पान हरवण्याची भीती मोठी ठरली. याचे सर्वांत ठळक उदाहरण जिओसिटीज या सेवेचे आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेवर जगभरच्या हौशी लोकांनी आपली वैयक्तिक पाने विनामूल्य मांडली होती. याहूने ती १९९९ मध्ये विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. जपानमधील शाखा तेवढी २०१९ पर्यंत चालू होती. बंद होण्याची घोषणा आणि प्रत्यक्ष बंद होणे यांमधील काही महिन्यांत आर्काइव्ह टीम या स्वयंसेवकांच्या गटाने व इतरांनी शक्य तेवढी पाने उतरवून घेतली. बाकीची गेली ती गेलीच. संकेतस्थळ चालवणाऱ्या व्यक्तीचे निधन, क्षेत्रनामाचे वार्षिक शुल्क न भरले जाणे, संस्थेने स्थळाची नवी रचना करताना जुने दुवे मोडणे, अशा लहानसहान कारणांनीही पाने रोज नाहीशी होत असतात. त्यांची नोंद मात्र कोठेच होत नाही.

कार्यपद्धती

वापरकर्त्याने दिलेल्या पत्त्यावरील पान एचटीट्रॅक प्रथम मागवते. त्या पानाच्या एचटीएमएल मजकुरातून ते दुवे, चित्रे, शैलीपत्रके व अन्य फाइलींचे पत्ते शोधून काढते. प्रत्येक पत्ता ठरवून दिलेल्या नियमांत बसतो की नाही हे पाहिले जाते आणि बसत असल्यास तो प्रतीक्षायादीत जातो. यादी संपेपर्यंत हे चक्र चालू राहते. मूळ व्यवस्थेत हा शोध त्याच स्थळापुरता, आणि दिलेल्या पत्त्याच्या फोल्डरात व त्याखालच्या उपफोल्डरांत मर्यादित असतो. त्यामुळे एखाद्या विभागाचे पान आरंभस्थान म्हणून दिल्यास त्या विभागाबाहेरील, वरच्या पातळीवरची पाने उतरत नाहीत. प्रत अपुरी राहिल्याची तक्रार पुष्कळदा याच कारणाने होते.

उतरवलेल्या प्रत्येक पानातील दुवे बदलून ते संगणकावरील फाइलींकडे वळवले जातात. म्हणूनच उतरवलेल्या स्थळात एका पानावरून दुसऱ्या पानावर नेहमीप्रमाणे जाता येते आणि संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या संगणकावर नेला तरी दुवे तुटत नाहीत. जी पाने उतरवलेली नाहीत त्यांचे दुवे मूळ पत्त्यावरच राहतात. पीएचपी किंवा एएसपी यांसारख्या तंत्रांनी सर्व्हरवर तयार होणारी पाने साध्या एचटीएमएल फाइली म्हणून साठवली जातात. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर येणारा भाग वेगवेगळा असला, तर फाइलींची नावे एकमेकांवर पडू नयेत म्हणून त्या भागावरून काढलेली चार अक्षरांची खूण नावाला जोडली जाते.

प्रत्येक एचटीएमएल पानात एचटीट्रॅक एक टिप्पणी घालते. पान कोणत्या पत्त्यावरून व कोणत्या दिवशी, किती वाजता उतरवले हे तीत नोंदलेले असते. ती पडद्यावर दिसत नाही. पानाचा स्रोत उघडल्यास वाचता येते. शोधनिबंधात आंतरजालावरील पानाचा हवाला देताना ते पाहिल्याची तारीख द्यावी लागते, तेव्हा ही नोंद उपयोगी पडते. टिप्पणीचा मजकूर बदलण्याची किंवा ती पूर्णपणे वगळण्याची सोय आहे, पण संग्रहासाठी प्रत घेणाऱ्याने ती वगळू नये हे बरे.

प्रकल्पाच्या फोल्डरात पानांबरोबर आणखी दोन गोष्टी असतात. एक म्हणजे नोंदवहीची मजकूर-फाइल. न सापडलेली पाने व झालेल्या चुका तीत लिहिलेल्या असतात. दुसरी म्हणजे 'एचटीएस-कॅश' नावाचा फोल्डर. अर्धवट राहिलेले काम पुढे चालू करणे व जुनी प्रत अद्ययावत करणे या दोन्हींसाठी त्याचा आधार घेतला जातो. जागा वाचवण्यासाठी तो पुसून टाकणाऱ्यांना पुढच्या वेळी आरंभापासून सुरुवात करावी लागते.

वापर

विनएचटीट्रॅकमध्ये प्रकल्पाला नाव देणे, तो साठवण्याचे ठिकाण ठरवणे, पत्ता व कृती निवडणे आणि आरंभ करणे अशा क्रमाने काम होते. कृतींमध्ये संपूर्ण स्थळ उतरवणे, केवळ निवडक फाइली उतरवणे, दुवे चालू आहेत की नाहीत एवढेच तपासणे, थांबलेले काम पुढे नेणे आणि आधीची प्रत अद्ययावत करणे यांचा समावेश आहे. वेबएचटीट्रॅकमध्ये हाच क्रम ब्राउझरच्या खिडकीत चालतो. काम संपल्यावर सर्व प्रकल्पांची अनुक्रमणिका असलेले एक पान तयार होते.

खरे कौशल्य 'पर्याय' या खिडकीत लागते. तेथील दोन गोष्टी समजल्या की बहुतेक कामे नीट होतात.

पहिली गोष्ट खोलीची. खोली तीन ठेवली, तर दिलेले पान आणि त्यावरून दोनदा दुवे दाबून पोहोचता येतील अशी सर्व पाने उतरतात. हा आकडा लहान वाटला तरी त्याचा परिणाम मोठा असतो. प्रत्येक पानावर ३० नवे दुवे आहेत असे धरले, तर खोली दोनला ३१, तीनला ९३१ आणि चारला जवळजवळ २८,००० पाने होतात. खोलीवर बंधन न घालता काम सुरू केले आणि स्थळावर दिनदर्शिकेसारखे काही असले, तर 'पुढील महिना' हा दुवा कधी संपतच नाही व आज्ञावली इसवी सनाच्या भलत्याच शतकात जाऊन पोहोचते. खोलीखेरीज एकूण आकार, एकूण वेळ, एका फाइलीचा आकार आणि उतरवण्याचा वेग यांवरही मर्यादा घालता येते.

दुसरी गोष्ट गाळणीच्या नियमांची. अधिक चिन्हाने सुरू होणारा नियम संबंधित पत्ते घ्यावेत असे सांगतो, वजा चिन्हाने सुरू होणारा ते सोडावेत असे. तारांकन म्हणजे त्या जागी काहीही चालेल. अनेक नियमांमध्ये विरोध आल्यास शेवटी लिहिलेला नियम प्रमाण मानला जातो. म्हणजे आधी सर्व पीडीएफ फाइली वगळून त्यापुढे 'अहवाल' या फोल्डरातील पीडीएफ घ्याव्यात असे लिहिले, तर केवळ अहवाल उतरतील. हाच क्रम उलटा केल्यास एकही पीडीएफ उतरणार नाही. विनएचटीट्रॅकच्या मूळ नियमांत प्रचलित प्रकारची चित्रे, शैलीपत्रके आणि जावास्क्रिप्टच्या फाइली दुसऱ्या सर्व्हरवर असल्या तरी घ्याव्यात असे नमूद असते. टंकांच्या फाइलींचा त्यांत उल्लेख नसतो. त्या दुसऱ्या सर्व्हरवर असतील तर त्यांच्यासाठी नियम स्वतः लिहावा लागतो.

मोठे काम हाती घेण्यापूर्वी खोली दोन ठेवून एक लहान चाचणी घ्यावी, जोडणी तोडून प्रत उघडून पाहावी आणि मगच पुढे जावे. जोडणी तोडणे महत्त्वाचे आहे, कारण जोडणी चालू असताना न उतरलेली चित्रेही मूळ सर्व्हरवरून येऊन दिसतात आणि प्रत पूर्ण असल्याचा भास होतो.

अद्ययावतीकरण आणि पाने पुसली जाणे

जुनी प्रत अद्ययावत करताना एचटीट्रॅक प्रत्येक पानाबाबत सर्व्हरकडे विचारणा करते. पान बदलले नसल्यास ते पुन्हा उतरवत नाही, त्यामुळे काम लवकर होते. परंतु या सोयीला एक बाजू आहे, आणि ती नवख्या वापरकर्त्याला सहसा ठाऊक नसते. मूळ व्यवस्थेत, अद्ययावतीकरणानंतर ज्या फाइलींकडे नव्या शोधात पोहोचता आले नाही त्या संगणकावरून पुसल्या जातात. स्थळाचे प्रतिबिंब हवे असेल तर हे वर्तन योग्यच आहे. मूळ स्थळावर नसलेले पान प्रतिबिंबात कशाला, असा त्यामागचा विचार. पण ज्याने पाने नाहीशी होतील म्हणूनच प्रत घेतली, त्याच्या दृष्टीने हे उरफाटे आहे. संस्थेने आपल्या स्थळाची नवी रचना केली, जुन्या अंकांचा विभाग काढून टाकला, आणि वापरकर्त्याने हौसेने 'अद्ययावत करा' ही कृती निवडली, तर त्याच्याकडचे जुने अंकही जातील.

यावर उपाय दोन आहेत. पर्यायांमध्ये जुन्या फाइली न पुसण्याची खूण आहे, ती करावी. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे प्रत्येक वेळी नवा प्रकल्प तयार करून त्याच्या नावात दिनांक घालणे, अथवा अद्ययावतीकरणापूर्वी संपूर्ण फोल्डराची वेगळी प्रत करून ठेवणे. साठवणुकीची जागा आता पुष्कळ स्वस्त आहे. सर्व्हर पूर्णपणे बंद असल्यामुळे काहीच उतरले नाही, तर एचटीट्रॅक आधीची प्रत परत आणते. परंतु स्थळ चालू आहे आणि त्यातील काही पानेच गेली आहेत, अशा वेळी हे संरक्षण लागू होत नाही. प्रत्यक्षात घडते ते बहुधा असेच.

मराठी पानांच्या जतनातील अडचणी

देवनागरी लिपी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. पण सामान्य संगणकावर ती नीट दिसू लागली ती विंडोज २००० व त्यानंतरच्या प्रणालींवर. त्यापूर्वी, आणि सवयीने त्यानंतरही बरीच वर्षे, मराठी संकेतस्थळे विशिष्ट टंकांवर अवलंबून होती. या टंकांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरे व चिन्हे यांची सरमिसळ असे, आणि टंकामुळे वाचकाला मराठी दिसे. टंक नसेल तर पानावर अर्थहीन चिन्हांची ओळ उरते. श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव अशा टंकांत टंकलेला मजकूर ज्यांनी टंकाविना उघडला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

वाचकाला टंक आधी उतरवून घ्यावा लागू नये म्हणून काही स्थळांनी गतिक टंक वापरले. हे टंक पानाबरोबर आपोआप येत. नेटस्केपसाठी त्यांचा एक प्रकार होता, इंटरनेट एक्सप्लोररसाठी दुसरा. एक्सप्लोररसाठीच्या प्रकारात टंक कोणत्या पत्त्यावरील पानांवर चालावा हे त्याच फाइलीत बांधून ठेवता येई. टंकाची चोरी होऊ नये हा त्याचा उद्देश. त्याचा जतनावर झालेला परिणाम मात्र विचित्र आहे. एचटीट्रॅकने पान उतरवले, टंकाची फाइलही उतरवली, तरी पान आता मूळ पत्त्यावरून उघडत नसल्याने तो टंक काम करण्यास नकार देतो. आजचे ब्राउझर तर हे दोन्ही प्रकार ओळखतच नाहीत. म्हणजे प्रत तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असते, तीतला एकही शब्द गेलेला नसतो, आणि तरीही ती वाचता येत नाही.

अशी पाने हाताळताना मूळ प्रत आहे तशी ठेवावी. पानाच्या स्रोतात टंकाचे नाव लिहिलेले असते ते टिपून ठेवावे, कारण कोणत्या चिन्हाचा अर्थ कोणते अक्षर हे त्या नावावरूनच कळते. तो टंक वैध मार्गाने मिळत असल्यास प्रतीशेजारी ठेवावा. त्यानंतर मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून ते वेगळ्या फाइलीत साठवावे. रूपांतर करणाऱ्या आज्ञावली जोडाक्षरांत, रफारात आणि ऱ्हस्व इकाराच्या जागेत चुका करतात, त्यामुळे मूळ पान हाताशी नसेल तर चूक दुरुस्त करायला आधारच राहत नाही.

युनिकोडमधील पानांना हा त्रास नाही, पण त्यांचीही एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. पान कोणत्या संकेतांकनात आहे हे काही स्थळे पानात लिहीत नाहीत, सर्व्हरच्या उत्तरात तेवढे सांगतात. असे पान संगणकावर साठवले की ती माहिती गळून पडते व देवनागरीच्या जागी विचित्र अक्षरे दिसू लागतात. एचटीट्रॅक सर्व्हरने सांगितलेले संकेतांकन पानाच्या आरंभी स्वतः लिहून ठेवते, त्यामुळे ही अडचण सहसा येत नाही. फाइलींच्या नावांबाबत मात्र सावध राहावे. देवनागरीतील एक वर्ण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो आणि पत्त्यात टक्केचिन्हांनी लिहिल्यावर त्याची नऊ चिन्हे होतात. तीस वर्णांचे मराठी शीर्षक अशा प्रकारे २७० चिन्हांचे होते, आणि विंडोजवर फोल्डरांसह संपूर्ण मार्गाची पारंपरिक मर्यादा २६० चिन्हांची आहे. एचटीट्रॅक नावे जुळवून घेत असले, तरी प्रकल्प खोल फोल्डरांत न ठेवता ड्राइव्हच्या आरंभीच, लहान नावाने ठेवणे श्रेयस्कर.

काय उतरत नाही

जे सर्व्हरवर घडते ते उतरत नाही. शोधाची चौकट दिसते, पण तीत शब्द लिहून उत्तर मिळत नाही. अर्ज भरता येत नाहीत. विदागारातून मागणीनुसार तयार होणारी पाने एखाद्या दुव्यावरून पोहोचता येत असतील तरच मिळतात. निकाल, सातबारा किंवा ग्रंथालयाची सूची यांसारख्या शोधाधारित सेवा या कारणाने या पद्धतीने जपता येत नाहीत.

याहून मोठी मर्यादा जावास्क्रिप्टची आहे. एचटीट्रॅक जावास्क्रिप्टच्या मजकुरातून पत्ते शोधण्याचा प्रयत्न करते, पण ती आज्ञावली ब्राउझरप्रमाणे चालवत नाही. अलीकडील अनेक संकेतस्थळांत प्रथम जवळजवळ रिकामे पान येते आणि मजकूर नंतर जावास्क्रिप्ट आणून भरते. अशा स्थळाची प्रत म्हणजे नुसता सांगाडा. खाली सरकत जावे तसतसा मजकूर वाढत जाणारी पानेही पहिल्या पडद्यापुरतीच हाती लागतात. समाजमाध्यमांसाठी हे सॉफ्टवेअर जवळपास निरुपयोगी आहे. १९९८ मधील जालासाठी घडवलेले हे साधन साध्या, मजकूरप्रधान स्थळांवर आजही उत्तम चालते. वैयक्तिक पाने, लहान संस्थांची स्थळे, नियतकालिकांचे जुने अंक, पाठ्यसामग्री ही त्याची खरी क्षेत्रे होत. नेमकी हीच स्थळे न सांगता बंद पडतात.

प्रवेशनाम व परवलीचा शब्द लागणाऱ्या स्थळांसाठी कुकीची फाइल देण्याची सोय आहे, पण ती जपून वापरावी. आज्ञावली प्रत्येक दुवा उघडून पाहते. 'बाहेर पडा' हा दुवाही ती उघडते आणि मग पुढची सर्व पाने प्रवेशाविना रिकामी येतात. स्थळाच्या व्यवस्थापकाने आपल्याच अधिकाराने प्रत घेतली आणि तेथे 'काढून टाका' अशी कृती साध्या दुव्याने होत असली, तर जतनाच्या प्रयत्नात मजकूरच पुसला जाण्याचा धोका आहे. शिवाय कुकी प्रकल्पाच्या फोल्डरात राहिलेली असू शकते, म्हणून असा फोल्डर इतरांना देण्यापूर्वी तपासावा.

सर्व्हरवरील भार

माणूस एका पानावर मिनिटभर रेंगाळतो. आज्ञावली त्याच मिनिटात शेकडो पाने मागू शकते. मोठ्या कंपनीच्या सर्व्हरला त्याचे काही वाटत नाही. स्वस्त दरात भाड्याने घेतलेल्या जागेवर चालणारे लहान संस्थेचे स्थळ मात्र त्याने मंदावते, कधी महिन्याचा ठरलेला वापर संपल्याने बंदही पडते. ज्या स्थळाची काळजी वाटून प्रत घेतली जात आहे त्यालाच इजा पोहोचावी, हे टाळण्यासारखे आहे. एचटीट्रॅकमध्ये वेग व एकाच वेळी होणाऱ्या जोडण्यांची संख्या यांवर अंगभूत मर्यादा आहेत. त्या उठवण्याचा पर्याय आहे, परंतु तो सामान्य वापरासाठी नाही. कार्यालयीन वेळेत मोठी कामे करू नयेत, गाळणी वापरून हवे तेवढेच घ्यावे आणि स्थळ मोठे असल्यास चालकाला आधी विचारावे, असे एचटीट्रॅकच्या मार्गदर्शक पानांतच सुचवले आहे. चालकाला लिहिण्याचा एक अनपेक्षित लाभ असतो. पुष्कळदा तो संपूर्ण सामग्री स्वतःहून पाठवतो, आणि ती उतरवलेल्या प्रतीपेक्षा चांगली असते.

स्थळाचा कोणता भाग आज्ञावलींनी घेऊ नये हे रोबोट्स नावाच्या मजकूर-फाइलीत लिहिण्याचा संकेत मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवला. २०२२ मध्ये त्याला औपचारिक प्रमाणाचे रूप मिळाले. एचटीट्रॅक मूळ व्यवस्थेत हा संकेत पाळते. तो न पाळण्याचा पर्याय उपलब्ध असला, तरी अनेक सर्व्हर एचटीट्रॅकची ओळख दिसताच प्रवेश नाकारतात, त्यामागे अशा पर्यायांचा अतिरेकी वापर हे एक कारण आहे.

कायदा

संकेतस्थळावरील मजकूर सर्वांना वाचता येतो याचा अर्थ तो प्रताधिकारमुक्त आहे असा होत नाही. भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी, संशोधन धरून, केलेला वाजवी वापर हा भंग ठरत नाही. अभ्यासासाठी स्वतःपुरती घेतलेली प्रत आणि तीच प्रत दुसऱ्या पत्त्यावर पुन्हा प्रकाशित करणे यांत म्हणूनच मोठे अंतर आहे. मूळ स्थळ बंद पडल्याने प्रताधिकार संपत नाही. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीवर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तो राहतो. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या मुक्त परवान्याखाली असल्यास परवान्याच्या अटी पाळून पुनर्वितरण करता येते.

याशिवाय माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये संगणकाच्या मालकाच्या परवानगीविना त्यातील विदा उतरवून घेणे, तसेच त्याच्या कामात व्यत्यय आणणे यांचा भरपाईस पात्र कृत्यांत समावेश आहे. प्रवेश मर्यादित असलेल्या स्थळांबाबत या तरतुदीचे भान विशेष ठेवावे लागते.

एचटीट्रॅकचा उघड गैरवापरही होतो. बँकेच्या प्रवेशपानाची हुबेहूब प्रत करून ती बनावट पत्त्यावर ठेवणे व ग्राहकांचे परवलीचे शब्द हस्तगत करणे हा त्याचा ज्ञात प्रकार आहे. घाईत असलेले भामटे पानातील पूर्वोक्त टिप्पणी काढायला विसरतात, आणि मग मूळ पत्ता व प्रत घेतल्याची वेळ तपास करणाऱ्यांना आयती मिळते.

अन्य साधने

एकच पान हवे असेल तर ब्राउझरमधील साठवण्याची सोय पुरेशी असते. सिंगलफाइल हा ब्राउझरला जोडायचा मुक्तस्रोत विस्तार पान चित्रांसह एकाच एचटीएमएल फाइलीत बांधतो. पान ब्राउझरमध्ये पूर्ण दिसल्यानंतरचे रूप तो टिपत असल्याने जावास्क्रिप्टवर चालणाऱ्या पानांसाठी तो एचटीट्रॅकपेक्षा सरस ठरतो. आज्ञा टंकून काम करणाऱ्यांमध्ये १९९६ पासून असलेले जीएनयू प्रकल्पाचे डब्ल्यूगेट लोकप्रिय आहे. २०१२ मधील १.१४ या आवृत्तीपासून ते वार्क या स्वरूपातही साठवण करते. वार्क हे ग्रंथालये व अभिलेखागारे वापरतात ते आंतरराष्ट्रीय प्रमाण स्वरूप असून त्यात पानाबरोबर सर्व्हरचे संपूर्ण उत्तर जसेच्या तसे राहते.

प्रत इतरांनाही पाहता यावी अशी इच्छा असेल, तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पान नोंदवणे हा उत्तम मार्ग आहे. ही संस्था १९९६ मध्ये स्थापन झाली व वेबॅक मशीन २००१ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. तेथील प्रतीला स्थिर पत्ता मिळतो आणि तो लेखातील संदर्भासाठी देता येतो. संगणकावरील प्रतीला ते शक्य नसते. दोन्ही करून ठेवणे उत्तम.

विकिपीडियाचे लेख उतरवण्यासाठी एचटीट्रॅक वापरू नये. मोठ्या प्रमाणात लेख उतरवणाऱ्या क्रॉलरना विकिपीडिया मनाई करतो, आणि त्यांची गरजही नसते, कारण संपूर्ण विदा विकिमीडिया स्वतःच उपलब्ध करून देते. जोडणीविना वाचनासाठी किविक्स हे २००७ मध्ये सुरू झालेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात एका झिम फाइलीत संपूर्ण विश्वकोश सामावतो व त्यात शोधही घेता येतो. मराठी विकिपीडियाचीही अशी फाइल मिळते. शाळेच्या संगणककक्षात किंवा जोडणी नसलेल्या गावातील वाचनालयात ती एकदा आणून ठेवली की एकाच संगणकावरून स्थानिक जाळ्यातील इतर संगणकांना व भ्रमणध्वनींना ती वाचता येते.